गॅमा किरणांचीं वजनेंमापें

सन १९८७ची गोष्ट आहे. त्या वेळीं मी एका लहानशा गांवीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. मुंबईचें वर्तमानपत्र आमच्या गांवीं दुपारच्या गाडीनें येई, आणि पारावर बसून तें वाचून दाखविण्याचें काम बहुधा माझ्याकडे असे. एके दिवशीं त्यांत अशी बातमी होती कीं, दुग्धविकासाच्या योजनेसाठीं युरोपीय देशांनीं देणगीदाखल दिलेलें सुमारें २०० टन आयरिश लोणी मुंबईस आलें आहे. आणि आदल्या वर्षीं सोव्हिएट संघांतील चेर्नोबिल येथें अणुभट्टी फुटून जें किरणोत्सर्गी द्रव्य युरोपभर पसरलें, त्याचा अंश ह्या लोण्यांत आहे, असें म्हणून कांहीं नागरिक उच्च न्यायालयांत गेले आहेत. लोण्याची तपासणी तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत झाली होती, आणि तें खाण्यास योग्य आहे असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत चौथींतल्या एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, लोण्यांतले किरण कोणत्या तराजूंत मोजतात हो?" मला उत्तर ठाऊक नव्हतें. "मोठा झालास म्हणजे कळेल," असें सांगून मीं वेळ मारून नेली. शिक्षकाच्या तोंडीं तें उत्तर शोभलें नाहीं, आणि तें मला पुढें बरींच वर्षें बोंचत राहिलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पदार्थविज्ञानाचा मी पंडित नव्हे. परंतु नोकरींतून मोकळा झाल्यावर ह्या एका विषयावर जेवढें हाताशीं आलें तेवढें वाचलें. त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे सव्वाशें वर्षांचा एक इतिहास आहे, असें मला आढळून आलें. तोच आज आपणांस थोडक्यांत सांगावयाचा आहे.

प्रथम माझ्या आजीची एक आठवण सांगतों. तिच्या घरीं एक पितळी मापटें होतें, आणि धान्य उसनें आणावयाचें किंवा द्यावयाचें तें त्याच मापट्यानें, असा तिचा कडक नियम होता. सरकारी किलोग्रॅम सुरू होऊन बरींच वर्षें लोटलीं, तरी तिच्या जिभेवरची पायली कांहीं गेली नाहीं. मात्र कोणी "चार पायली ज्वारी झाली" असें म्हटलें, कीं ती लगेच विचारी, "कोणत्या गांवची पायली?" कारण आमच्या पायलींत व नदीपलीकडच्या पायलींत मूठभर धान्याचा फरक होता. गॅमा किरणांच्या मोजमापाचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

पॅरिस येथें पॉल व्हिलार ह्या संशोधकानें १९०० सालीं रेडियमच्या किरणांत एक असा किरण पाहिला, कीं जो लोहचुंबकानें वळत नाहीं आणि जाड आवरणांतूनहि पार निघून जातो. १९०३ सालीं रदरफोर्ड यांनीं त्यास ग्रीक वर्णमालेंतील तिसऱ्या अक्षराचें नांव दिलें, व तेव्हांपासून तो गॅमा किरण झाला. हा प्रकाशाचाच भाऊबंद होय. परंतु ज्या प्रकाशानें आपण पुस्तक वाचतों, त्याच्या एका कणापेक्षां सीझियम ह्या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणाच्या कणाची ऊर्जा दोन-तीन लक्ष पटींनीं अधिक असते. ती डोळ्यांस दिसत नाहीं आणि त्वचेस जाणवत नाहीं. म्हणून तिच्याविषयीं जें कांहीं समजावयाचें तें यंत्राच्या साक्षीनेंच समजावयाचें, आणि साक्षीदार म्हटला कीं त्याची उलटतपासणी आलीच.

ह्या साक्षीदारास दोन प्रश्न विचारावयाचे असतात. किरण किती, हा पहिला. आणि किरण कोणत्या ऊर्जेचे, हा दुसरा. पहिला प्रश्न धान्य मोजणाऱ्याचा आहे, दुसरा सोन्याचा कस पाहणाऱ्या सराफाचा.

पहिल्या प्रश्नाचा बोभाटा प्रथम झाला, आणि तो रेडियमवरून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं डॉक्टर लोक कर्करोगावर रेडियमच्या नळ्या लावूं लागले होते. रेडियम सोन्याहून कित्येक पटींनीं महाग. परंतु कांचेच्या बंद नळींत खरोखर किती मिलिग्रॅम आहे, हें सांगणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेचा नमुना निराळा! कमी पडलें तर रोग तसाच राहावयाचा, अधिक पडलें तर निरोगी मांसहि जळावयाचें. तेव्हां १९१० सालच्या सप्टेंबरांत ब्रुसेल्स येथें शास्त्रज्ञांची परिषद भरून एक आंतरराष्ट्रीय समिति नेमली गेली. तिचे अध्यक्ष रदरफोर्ड, चिटणीस व्हिएन्नाचे स्टेफान मायर, आणि प्रमाणभूत रेडियम सिद्ध करण्याचें काम मादाम क्यूरी यांजकडे. मोजमापाच्या एककास 'क्यूरी' हें नांव द्यावें असेंहि तेथेंच ठरलें.

मादाम क्यूरी यांनीं १९११ सालीं २१.९९ मिलिग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड एका लहानशा कांचेच्या नळींत बंद केलें. तिकडे व्हिएन्नास हॉनिगश्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें स्वतंत्रपणें आपले नमुने तयार केले. १९१२ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस समितीचे लोक पॅरिसला जमले, आणि दोघांच्या नळ्या समोरासमोर आल्या.

आतां येथें जरा थांबावयास हवें, कारण ही तुलना कशी केली हें पाहण्यासारखें आहे. नळी फोडून आंतलें द्रव्य तराजूंत घालावयाचें नव्हतें. नळी ठराविक अंतरावर ठेवावयाची. मध्यें धातूचा जाड पडदा, म्हणजे इतर किरण अडून केवळ गॅमा किरण पलीकडे जावे. आणि पलीकडच्या यंत्रांतील हवा त्या किरणांनीं किती वेगानें विद्युद्वाहक बनते हें पाहावयाचें. एका नळीनें अमुक वेग, दुसरीनें तमुक. त्यांचें गुणोत्तर तेंच रेडियमचें गुणोत्तर. पॅरिसचें व व्हिएन्नाचें माप ह्या कसोटीस लागलें, तेव्हां दोहोंतील फरक शेंकडा एकाहूनहि पुष्कळ कमी निघाला! दोन निरनिराळ्या देशांतल्या दोन माणसांनीं एकमेकांस न विचारतां भरलेलीं मापटीं मुठीचाच काय, दाण्याचाहि फरक न पडतां जुळावीं, असाच तो प्रकार होता. पॅरिसचा नमुना आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला व व्हिएन्नाचा त्याचा जोडीदार. पुढें इतर देशांस जे नमुने दिले गेले, ते ह्या दोघांशीं ताडून पाहूनच.

मादाम क्यूरी यांची इच्छा होती कीं, आपल्या हातची ती नळी आपल्याच प्रयोगशाळेंत राहावी. माणसाच्या मनाला धरून ही गोष्ट होती. ज्या द्रव्यासाठीं तिनें आयुष्याचीं उत्तम वर्षें झिजविलीं, तें हातून सुटत नव्हतें. परंतु सर्वांचें माप एकाच्या घरीं राहून चालत नाहीं. शेवटीं १९१३ सालीं ती नळी पॅरिसजवळच्या सेव्र येथें, जेथें जगाचा मीटर व किलोग्रॅम ठेवलेला होता, त्या मापगृहांत गेली.

दुसरा प्रश्न अधिक बिकट होता. रदरफोर्ड व आंद्रादे यांनीं १९१४ सालीं स्फटिकाच्या साह्यानें गॅमा किरणांच्या तरंगलांब्या मोजल्या. परंतु जो किरण जितका तीव्र तितका तो स्फटिकानें कमी वळतो, त्यामुळें ह्या मार्गानें फार दूर जातां येईना. दुसरा मार्ग चार्ल्स एलिस ह्या तरुणानें १९२१ सालीं चोखाळला. हा गृहस्थ मूळचा लष्करी विद्यार्थी. सुटींत जर्मनींत गेला असतां १९१४चें युद्ध सुरू झालें, आणि बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील छावणींत तो बंदी झाला. तेथें दुसरा बंदी होता चॅडविक, ज्यानें पुढें न्यूट्रॉन शोधला. घोड्यांच्या तबेल्यांत राहून चॅडविकनें ह्यास पदार्थविज्ञानाची गोडी लाविली, आणि लष्कराचें एक माणूस शास्त्राच्या खात्यांत जमा झालें. एलिसची युक्ति अशी: गॅमा किरण अणूंतून इलेक्ट्रॉन उडवितो, तो इलेक्ट्रॉन चुंबकानें किती वळतो हें मोजलें, म्हणजे त्याला उडविणाऱ्या किरणाची ऊर्जा उलट हिशेबानें निघते. अशा रीतीनें गॅमा किरणांचा वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती रेषा, हा प्रथम रेखला जाऊं लागला.

ह्याच सुमारास यंत्राच्या साक्षीपेक्षां माणसाच्या डोळ्याची साक्ष किती फसवी असते, ह्याचा एक मोठा दाखला घडला. तो गॅमा किरणांचा नसून दुसऱ्या कणांचा आहे. पण पुढची कथा त्यावांचून नीट उमगणार नाहीं. त्या काळीं जस्ताच्या एका क्षाराचा पडदा अंधारांत ठेवून त्यावर कण आदळले म्हणजे ज्या बारीक चमका उठत, त्या सूक्ष्मदर्शकांतून डोळ्यांनीं मोजीत. केंब्रिजच्या लोकांस एक उत्तर येई. व्हिएन्नाच्या पेटरसन व कीर्श यांस दुसरेंच. ते म्हणत, पुष्कळ हलके अणु फुटतात. केंब्रिज म्हणे, फुटत नाहींत. अनेक वर्षें वाद चालला. अखेर १९२७ सालच्या डिसेंबरांत चॅडविक स्वतः व्हिएन्नास गेला. तेथें चमका मोजण्याचें काम तरुण स्त्रिया करीत. चॅडविकनें तींच माणसें, तेंच यंत्र घेतलें. मात्र आपण काय बदलतों आहों आणि कोणतें उत्तर अपेक्षित आहे, हें मोजणारांस कळूं दिलें नाहीं. झालें! आंकडे केंब्रिजच्या बाजूस आले. त्या स्त्रिया खोटें बोलत होत्या असें मुळींच नाहीं. अंधारांत तासनतास डोळा लावून बसलेल्यास, जें दिसावें असें वरिष्ठांस वाटतें, तें थोडेंसें अधिक दिसतें. परीक्षेचे पेपर तपासतांना हा अनुभव मीं स्वतः घेतलेला आहे. हुशार म्हणून ठाऊक असलेल्या मुलाच्या उत्तरांत नसलेलें वाक्यहि वाचलें जातें.

तेव्हां चमक ठेवावी आणि डोळा काढून टाकावा, हा विचार साहजिकच पुढें आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अंधुक प्रकाशाचेंहि विजेच्या ठोक्यांत रूपांतर करणाऱ्या नळ्या उपलब्ध झाल्या. १९४७ सालीं कालमान यानें बर्लिनमध्यें डांबराच्या गोळ्यांचें जें द्रव्य, त्या नॅप्थलिनच्या खड्यापुढें अशी नळी लाविली. आणि १९४८ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथें रॉबर्ट हॉफस्टॅटर यांस आढळलें कीं, सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत थॅलियम नांवाच्या धातूचा किंचित् अंश मिसळला तर गॅमा किरणांच्या आघातानें त्यांत उत्तम चमक उठते. शिवाय, ह्या चमकेचा जोर किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणांत असतो. म्हणजे एकाच स्फटिकांत धान्य मोजणारा आणि कस पाहणारा हे दोघेहि येऊन बसले.

ह्या यंत्राचें काम टपालकचेरींतील पत्रें निवडणाऱ्या कारकुनासारखें असतें. चमकेचा ठोका आला कीं त्याची उंची पाहावयाची, आणि त्या उंचीच्या कप्प्यांत एक अंक वाढवावयाचा. तास-दोन तासांनीं कप्प्यांतील अंक ओळीनें मांडले, कीं एक आलेख तयार होतो. त्यांत जेथें शिखर उभें राहतें, ती त्या किरणाची ऊर्जा. सीझियम-१३७ चें शिखर ६६२ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टांशीं, कोबाल्ट-६० चीं दोन, ११७३ व १३३२ हजारांशीं. प्रत्येक किरणोत्सर्गी द्रव्याचा हा जणुं अंगठ्याचा ठसा.

ऐकतांना हें सोपें वाटतें. पण खरी मेख येथेंच आहे. आंत शिरलेला प्रत्येक किरण आपली सगळी ऊर्जा स्फटिकांत टाकून जातो असें नाहीं. पुष्कळसे थोडी टाकतात आणि बाहेर निसटतात. त्यामुळें खऱ्या शिखराच्या डावीकडे खोट्या अंकांचें एक लांबच लांब पठार पसरतें, आणि दुसऱ्या एखाद्या द्रव्याचें लहान शिखर त्या पठारांत बुडून जातें. पुन्हां, कारकून एक पत्र कप्प्यांत टाकीत असतां दुसरें आलें तर तें त्यास दिसतच नाहीं; म्हणून घड्याळाचा वेळ निराळा व यंत्र खरोखर जागें असल्याचा वेळ निराळा, आणि दोन्हीं नोंदविले पाहिजेत. कोबाल्टचे दोन किरण पाठोपाठ निघतात. नमुना स्फटिकाला फार चिकटून ठेवला तर दोघे एकदमच आंत शिरतात, आणि यंत्र त्यांची बेरीज करून जगांत नसलेला तिसराच किरण दाखवितें! नमुना लोण्याचा आहे कीं वाळूचा, डबा उभट आहे कीं पसरट, ह्यावरहि अंक बदलतात, कारण जड वस्तु स्वतःचेच किरण स्वतःच गिळते. आणि ह्या सगळ्यांत खोलीच्या भिंतींतील व मोजणाराच्या स्वतःच्या अंगांतील पोटॅशियमहि आपले किरण मिसळीतच असतें. होय, श्रोतेहो, आपण सारेच थोडथोडे किरणोत्सर्गी आहों. प्रौढ माणसाच्या देहांत दर सेकंदास पोटॅशियमचे सुमारें ४ हजार अणु फुटत असतात.

तर मग एका प्रयोगशाळेचा आलेख दुसरीनें कसा मानावा? अमेरिकेंत आयडाहो येथें रसेल हीथ यांनीं ह्यावर जो उपाय केला, तो मला एखाद्या मोठ्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. त्यांनीं तीन इंच रुंद व तीन इंच उंच असा सोडियम आयोडाइडचा स्फटिक घेतला. अंतर ठरविलें, आवरण ठरविलें. आणि एकामागून एक किरणोत्सर्गी द्रव्यांचे आलेख त्याच एका बैठकींत घेऊन १९५७ सालीं त्यांची सूची छापली. १९६४ सालीं तिची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. ज्यास आपलें यंत्र पारखावयाचें असेल, त्यानें तसाच स्फटिक, तितक्याच अंतरावर मांडावा आणि ताडून पाहावें. आजीच्या प्रश्नाला हें उत्तर होतें: आयडाहो गांवची पायली, लांबी-रुंदी सोबत जोडली आहे.

ह्याच सुमारास नवें यंत्र आलें आणि जुन्यास जवळजवळ निकालांत काढूं लागलें. १९६३ सालीं कॅनडांतील चॉक रिव्हर येथें टॅव्हेंडेल व युअन यांनीं जर्मेनियम धातूचा, लिथियम मुरविलेला स्फटिक वापरला. सोडियम आयोडाइडचें शिखर सीझियमच्या जागीं चाळीस-पन्नास हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंद पसरतें. जर्मेनियमचें दोन हजारांच्या आंतबाहेर. टेंकडीच्या जागीं जणुं सुया उभ्या राहिल्या. हा स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्यें, उणें १९६ अंशांवर, अहोरात्र ठेवावा लागे. एकदां गरम झाला कीं कामांतून गेला. पुढें अतिशुद्ध जर्मेनियम निघाल्यावर हा जाच कमी झाला. काम करतांना थंडी लागतेच, पण सुटीच्या दिवशीं तो मरत नाहीं. गंमत अशी कीं, ह्या नव्या, महागड्या जर्मेनियमची ग्रहणशक्ति किती हें आजहि जुन्या तीन इंची सोडियम आयोडाइडशीं, कोबाल्टचा नमुना २५ सेंटिमीटरवर ठेवून, टक्क्यांत सांगतात. सूनबाई कितीहि शिकलेली असो, मापटें सासूबाईंचेंच!

जर्मेनियमलाहि जेथें हात टेकावे लागतात अशीं स्थळें आहेत. युरेनियम-२३५ ची एक रेषा १८५.७ हजारांवर आहे आणि रेडियमची १८६.२ वर. मध्यें अंतर केवळ अर्ध्या हजाराचें. मातीच्या नमुन्यांत हीं दोन्हीं असलीं, तर तें एकच शिखर दिसतें. त्यांतलें कोणाचें किती, हें इतर रेषांवरून, हिशेबानें, अनुमानानें ठरवावें लागतें. अहवालांत नुसता आंकडा दिला आणि तें अनुमान लिहिलें नाहीं, तर वाचणारा फसतो.

यंत्र जितकें बारीक झालें तितकी कसोटीचीहि सूक्ष्मता वाढवावी लागली, आणि येथें सोन्याची कथा येते. साध्या सोन्यास अणुभट्टींत ठेवलें म्हणजे त्याचें सोनें-१९८ होतें. तें किरणोत्सर्गी असून २.७ दिवसांत निम्मे होतें व त्याचा पारा बनतो. किमयागारांनीं शतकानुशतकें पाऱ्याचें सोनें करण्याचा ध्यास घेतला, आणि विज्ञानानें सोन्याचा पारा करून दाखविला, असो. ह्या सोन्याच्या गॅमा किरणाची एक ठळक रेषा जगभर कसोटी म्हणून मानली गेली. १९७९ सालीं हेल्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जे प्रमाण तक्ते दिले, त्यांत ती ४११.८०४ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट होती. २००० सालीं छापलेल्या नव्या तक्त्यांत ती ४११.८०२ झाली. सोनें बदललें नव्हतें. तरंगलांबीवरून ऊर्जा काढण्याचे जे मूलभूत स्थिरांक, ते मधल्या काळांत अधिक अचूक ठरले होते. फरक दोन लक्षांत एका भागाचा. परंतु त्या रेषेवरून मोजलेल्या इतर साऱ्या रेषा तेवढ्या सरकल्या. म्हणून जुना ग्रंथ उघडून त्यांतला आंकडा घेणारानें त्यास प्रथम विचारावें लागतें, तुझें सोनें कोणत्या सालचें?

असे हजारों आंकडे गोळा करून, पारखून, एकत्र ठेवण्याचें नीरस काम कोणी तरी करावयास हवें होतें. तें कॅथरिन वे ह्या विदुषीनें आपल्या हयातीचें कार्य केलें. महायुद्धांत अणुप्रकल्पावर असतांनाच तिनें अणुगर्भांची माहिती टिपून ठेवण्यास आरंभ केला, आणि पुढें तिच्या खटपटीनें अमेरिकेंत त्या माहितीचें एक कायमचें खातें उभें राहिलें. त्याचे तक्ते जगभर जाऊं लागले. १९६४ पासून व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेंतहि असा विभाग आहे. ह्या तक्त्यांचें महत्त्व एका उदाहरणानें सांगतों. सीझियम-१३७ चे १०० अणु फुटले तर ६६२ हजारांचा किरण त्यांतून सुमारें ८५च निघतात. यंत्र किरण मोजतें, फुटलेले अणु मोजीत नाहीं. कोणी ८५ च्या जागीं ९० धरून भागिलें, तर यंत्र निर्दोष असूनहि लोण्यांतला आंकडा चुकला.

लोण्याचें नांव निघालें, तेव्हां आतां चेर्नोबिलकडे येतों. भट्टी फुटली २६ एप्रिल १९८६ रोजीं. सोव्हिएट सरकारनें मौन धरलें होतें. २८ तारखेस सकाळीं स्वीडनमधील फोर्समार्क येथें एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला. प्रथम त्यांस वाटलें, आपलीच भट्टी गळते आहे. परंतु वर्णपट काढल्यावर सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ अशा दोघांचींहि शिखरें दिसलीं. ह्यांतलें पहिलें भट्टींत तयार होतें, बाँबच्या स्फोटांत जवळजवळ नाहीं. तेव्हां हा बाँब नव्हे, भट्टीच आहे, आणि वारा पाहतां ती सोव्हिएट हद्दींत आहे, हें त्या आलेखांनीं सांगून टाकलें. त्या रात्रीं मॉस्कोस तोंड उघडावें लागलें.

वर्णपटाच्या शास्त्राचा हा विजय खरा. पण पाठोपाठच त्याची फजितीहि झाली. १९७५ सालीं जुन्या क्यूरीच्या जागीं बेकरेल हें नवें माप मान्य झालें होतें: सेकंदाला एक अणु फुटला कीं एक बेकरेल. एका क्यूरीचे ३७०० कोटि बेकरेल. १९८६च्या मेमध्यें कोणी क्यूरींत बोले, कोणी बेकरेलमध्यें. कोणी लिटरला सांगे, कोणी किलोला, कोणी चौरस मीटरला. पश्चिम जर्मनींत मध्यवर्ती आयोगानें दुधांतील आयोडीन-१३१ साठीं लिटरमागें ५०० बेकरेल ही मर्यादा सांगितली, तर त्याच देशांतील हेसेन प्रांतानें २० ठरविली. प्रांताची सीमा ओलांडली कीं तेंच दूध विष व्हावें किंवा अमृत! तान्ह्या मुलांच्या आयांनीं काय करावें? युरोपीय संघटनेनें मेअखेरीस सीझियमसाठीं दूध व बालान्नास किलोमागें ३७० आणि इतर अन्नास ६०० बेकरेल अशी मर्यादा घातली. त्या ३७०चा अर्थ लावून पाहा. नव्या नाण्यांत मोजलेले ते जुन्या क्यूरीचे, शंभर कोटींत दहा ह्या हिशेबाचे, भाग होत. पायली गेली, तरी जिभेवरून जात नाहीं.

पुढच्या काळांत आणखी एक अडचण उभी राहिली. आलेख कागदावरून संगणकांत गेले, आणि यंत्र बनविणाऱ्या प्रत्येक कारखान्यानें ते लिहून ठेवण्याची आपापली लिपि काढली. एकाच्या यंत्राचा आलेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेना. कांहींत जागा वेळ नोंदविलेला असे, तर कांहींत नसे. कप्प्यावरून ऊर्जा काढण्याचें सूत्र कोठें असे, कोठें माणसाच्या वहींत राहून जाई. माणूस निवृत्त झाला, वही हरवली, कीं उरलेले अंक म्हणजे मालकाचें नांव नसलेलें गाठोडें. १९९६च्या अणुचांचणी-बंदी करारानुसार जगभर हवा गाळून तपासणारीं ८० ठाणीं योजिलीं गेलीं. त्यांचे आलेख व्हिएन्नास एकाच ठराविक नमुन्यांत जातात, आणि २०११ सालीं फुकुशिमाचे किरण त्यांनीं ठिकठिकाणीं टिपले, तेव्हां त्याचा मोठा उपयोग झाला. २००६ सालीं अमेरिकेंत यंत्रांसाठींहि एक समाईक लेखनपद्धति ठरली व २०१२मध्यें ती सुधारली गेली. नमुना, यंत्र, जागा वेळ, ऊर्जेचें सूत्र आणि मूळ कप्प्यांतले कच्चे अंक हें सारें एका ठिकाणीं लिहावयाचें, असा तिचा रोख आहे. कच्चे अंक हा त्यांतला प्राण. निष्कर्ष चुकला तरी कच्चे अंक असले कीं पुन्हां हिशेब मांडतां येतो. गणिताच्या पेपरांत मीं मुलांना नेहमीं सांगत असें, बाबांनो, उत्तरास दोन गुण, रीतीस आठ.

मुंबईच्या लोण्याचा निकाल सांगावयाचा राहिला. उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. न्यायमूर्तींनीं तीन तज्ज्ञांची समिति नेमून तिचें मत मागविलें. लोणी खाण्यास अपायकारक नाहीं असें समितीनें सांगितलें, आणि १९८८ सालीं तें मान्य होऊन प्रकरण मिटलें. समितीचें मत चूक म्हणण्याचा मला अधिकार नाहीं, आणि कारणहि नाहीं. परंतु अर्ज करणारे नागरिक वेडे होते असेंहि मी म्हणणार नाहीं. अल्प किरणोत्सर्गानें किती अपाय होतो हा त्यांचा प्रश्न मोजमापानें सुटणारा नव्हता. मोजमाप फार तर त्यास आधार देऊं शकतें, आणि तोहि तें उघड्यावर मांडलें तर.

त्या वेळच्या बातमीचें कात्रण मीं जपून ठेवलें होतें. हें भाषण लिहावयास बसण्यापूर्वीं काढून पुन्हां वाचलें. लोणी "सुरक्षित मर्यादेंत" आहे एवढेंच त्यांत होतें. किती बेकरेल, किलोमागें कीं टनामागें, कोणत्या स्फटिकानें, किती वेळ मोजून, ह्यांतलें कांहींहि नव्हतें. आणि मीं पारावर वाचून दाखवितांना तें विचारलेंहि नव्हतें. ज्या मुलानें विचारलें तो आज तालुक्याच्या गांवीं किराणा मालाचें दुकान चालवितो. हें भाषण होणार असल्याचें मीं त्यास पत्रानें कळविलें आहे.